परदेशी स्वयंसेवेसाठी निवड झाली, निघायला वेळ आहे: मधल्या महिन्यांतल्या भटकंतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडीचे पत्र हातात आहे, विमानाची तारीख लांब आहे आणि पाय डोंगराकडे ओढ घेताहेत, अशांसाठी ही उत्तरे आहेत. संस्थांचे नियम थोडेफार वेगळे असतात. इथले उत्तर आणि तुमच्या संस्थेचे पत्र यांत फरक दिसला तर पत्र प्रमाण मानावे.

निवड झाली तरी निघायला एवढे महिने का लागतात?

निवडपत्र हा सशर्त होकार असतो. त्यानंतर वैद्यकीय मंजुरी, दातांची तपासणी, पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र, लसी आणि व्हिसा अशी कामांची रांग लागते, आणि ही कामे एकमेकांत अडकलेली असतात. वैद्यकीय मंजुरी नसेल तर व्हिसाचा अर्ज पुढे जात नाही. चारित्र्य प्रमाणपत्र फार लवकर काढले तर व्हिसाच्या वेळी त्याची मुदत संपलेली असते.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. मोठ्या संस्था माणसे बहुधा तुकडीने पाठवतात. १९६१ साली सुरू झालेल्या पीस कोअर या अमेरिकेच्या सरकारी स्वयंसेवक संस्थेची नेमणूक साधारण २७ महिन्यांची असते आणि त्यातले पहिले सुमारे ३ महिने भाषेचे व कामाचे प्रशिक्षण असते. ते सगळ्यांचे एकत्र सुरू होते, त्यामुळे मागाहून येऊन सामील होण्याची सोय जवळपास नसते. म्हणूनच निघण्याच्या तोंडावर घोटा मुरगळला तर नुकसान दोन आठवड्यांवर थांबत नाही. पुढची तुकडी निघेपर्यंतचे सगळे महिने जातात.

मग घरीच बसावे का?

अजिबात नाही. दोन वर्षे अनोळखी हवेत, अनोळखी अन्नावर, पायी चालत काम करायचे आहे. त्यासाठी डोंगरात घालवलेल्या महिन्यांइतकी चांगली तयारी दुसरी नाही. बादलीभर पाण्यात अंघोळ, अंधारात स्वयंपाक, पावसात भिजलेले कपडे दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगावर चढवणे, या गोष्टींची सवय आधी झालेली असेल तर नेमणुकीचे पहिले आठवडे खूप सोपे जातात.

प्रत्येक बेताला एकच प्रश्न विचारावा: यात नेहमी होणारी वाईटातली वाईट दुखापत बरी व्हायला किती दिवस लागतात, आणि माझ्याकडे तेवढे दिवस आहेत का? दिवस असतील तर जावे. नसतील तर तोच डोंगर सोप्या वाटेने करावा.

सहा महिने हातात असतील तर आखणी कशी करावी?

निघण्याच्या तारखेपासून मागे मोजत यावे.

शेवटचे सहा आठवडे पायवाटा, टेकड्या आणि मुक्कामी भटकंतीपुरते ठेवावेत. दोरावरची चढाई, उतारावरची सायकल, वेगवान नदीतले कयाक, स्कीइंग हे सगळे त्याआधी उरकावे. सहाच आठवडे का? मनगटाचे साधे हाड मोडले की प्लास्टर साधारण तेवढाच काळ असते. पडताना माणूस हात पुढे टाकतो, त्यामुळे मनगट हे भटक्यांच्या नेहमीच्या दुखापतींपैकी एक आहे. अंगठ्याच्या बुडाशी असलेले स्कॅफॉइड हाड मोडले तर मात्र ८ ते १२ आठवडे जाऊ शकतात, शिवाय पहिल्या एक्स-रेमध्ये ते पुष्कळदा दिसतही नाही. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल तर 'मुरगळले असेल' म्हणून सोडून देऊ नये.

मोठी मोहीम, म्हणजे दहा-पंधरा दिवसांची दूरची भटकंती किंवा उंच शिखर, पहिल्या दोन महिन्यांत बसवावी. तेव्हा कागदपत्रांची गर्दी कमी असते आणि शरीराला भरून यायला वेळही असतो. मधले दोन महिने तपासण्या आणि लसींचे. त्या काळात शनिवार-रविवारचे छोटे बेत करावेत.

बहुतेकांची चूक उलट्या दिशेने होते. आधी कामे उरकू, मग निवांत मोठा ट्रेक करू, असे म्हणत ते सगळ्यात अवघड चढाई निघण्याच्या आधीच्या पंधरवड्यात ठेवतात. 'जाण्याआधीचा शेवटचा' म्हणून केलेले बेत सगळ्यात धोक्याचे असतात, कारण हवामान बिघडले तरी मागे फिरवत नाही.

ट्रेकहून आल्याआल्या वैद्यकीय तपासणी केली तर काय बिघडते?

निरोगी माणसाचा रिपोर्ट आजारी माणसासारखा येऊ शकतो. हे फार जणांना माहीत नसते, आणि त्यापायी मंजुरी कित्येक आठवडे लांबू शकते.

लांब उतरणीवर मांड्यांच्या स्नायूंना सूक्ष्म इजा होते आणि त्यातली द्रव्ये रक्तात येतात. क्रिएटिन कायनेज हे त्यातले एक. एएसटी आणि एएलटी ही दोन एन्झाइम्स आपण यकृताची म्हणून ओळखतो, पण ती स्नायूंतही असतात. त्यामुळे जोरदार श्रमांनंतर आठवडाभर ती वाढलेली दिसू शकतात. रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांना तुमचा ट्रेक माहीत नसतो. ते साहजिकच यकृताच्या पुढच्या तपासण्या सांगतात. लघवीचेही तसेच. खूप श्रमांनंतर एक-दोन दिवस तिच्यात प्रथिने आणि कधी रक्तपेशी सापडतात. पाणी कमी प्यायले असेल तर क्रिएटिनिन वाढते आणि मूत्रपिंडावर संशय जातो. जास्त उंचीवर काही आठवडे राहून आला असाल तर हिमोग्लोबिन चढलेले असते.

उपाय साधा आहे. रक्त-लघवीच्या तपासणीआधी ७ दिवस दमवणारा व्यायाम बंद ठेवावा. सपाटीवर चालायला हरकत नाही. आदले दोन दिवस पाणी नेहमीसारखे प्यावे. तरीही काही वाढलेले आलेच तर डॉक्टरांना आधीच्या दहा दिवसांतला व्यायाम तारखेसह सांगावा आणि आठवडाभर विश्रांती घेऊन तीच तपासणी पुन्हा करून मागावी. नियमित पळणाऱ्यांची नाडी विश्रांतीत ५०च्या खालीही असते. ईसीजीच्या वेळी हे आपणहून सांगितले तर शंका तिथल्या तिथे मिटते.

लसी आणि भटकंती कशा जुळवाव्यात?

लसींचे वेळापत्रक आधी मांडावे आणि उरलेल्या मोकळ्या जागांत ट्रेक बसवावेत. उलटे केले की डोस चुकतात.

पिवळ्या तापाची लस एका डोसची असते, पण तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होते. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते, त्यामुळे पूर्वी लस घेतली असेल तर जुने पिवळे कार्ड शोधून ठेवावे. ही जिवंत विषाणूची लस आहे. पुढच्या आठ-दहा दिवसांत काहींना कणकण, डोकेदुखी, अंगदुखी होते, म्हणून त्या दिवसांत दूरचा बेत नको. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसीही जिवंत विषाणूंच्याच. अशा दोन लसी एकाच दिवशी द्याव्या लागतात, नाहीतर त्यांच्यात किमान २८ दिवसांचे अंतर ठेवावे लागते. तीन आठवड्यांच्या ट्रेकच्या दोन्ही टोकांना दोन लसी ठेवल्या तर हा नियम मोडतो आणि दुसरा डोस पुन्हा घ्यावा लागू शकतो.

क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी अशीच फसवते. टोचल्यानंतर ४८ ते ७२ तासांत प्रशिक्षित माणसाने ती वाचावी लागते. गुरुवारी टोचून शुक्रवारी डोंगरात गेलात तर चाचणी वाया गेली. गोवराची लस घेतल्यावर काही आठवडे ही चाचणी खोटी 'नकारात्मक' येऊ शकते. म्हणून दोन्ही एकाच दिवशी कराव्यात किंवा लसीनंतर ४ ते ६ आठवडे थांबावे.

हिपॅटायटिस बीचे नेहमीचे वेळापत्रक ०, १ आणि ६ महिने असे आहे, म्हणजे ते पत्र आल्याच्या आठवड्यातच सुरू करायला हवे. रेबीजची प्रतिबंधक लस जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशीप्रमाणे ० आणि ७व्या दिवशी अशी दोन डोसांत होते, काही देशांत अजूनही तीन डोस देतात. ती घेतलेली असली तरी प्राणी चावल्यावर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवावी लागते आणि आणखी दोन डोस घ्यावे लागतात. रेबीज इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची, गरज मात्र उरत नाही. दुर्गम भागात ते मिळवणे हेच सगळ्यात कठीण असते, म्हणून संस्थेने ऐच्छिक ठेवली असली तरी ही लस घ्यावी.

मलेरियाच्या गोळ्या भटकंतीच्या दिवसांतच सुरू करू का?

कुठली गोळी दिली आहे त्यावर ठरते. डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅटोवाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याच्या १-२ दिवस आधी सुरू होतात. मेफ्लोक्विन २ ते ३ आठवडे आधी सुरू करतात, कारण तिने काहींना भीतिदायक स्वप्ने, चक्कर, अस्वस्थता असे त्रास होतात आणि ते घरी असतानाच कळलेले बरे. मेफ्लोक्विनचे पहिले आठवडे कड्यावर घालवू नयेत. डॉक्सिसायक्लिनने त्वचा उन्हाला हळवी होते. उघड्यावरच्या एका दिवसातही पोळल्यासारखी लाल होऊ शकते, तेव्हा पूर्ण बाह्या आणि रुंद काठाची टोपी हवीच. ही गोळी भरपूर पाण्यासोबत उभ्याने किंवा बसून घ्यावी आणि नंतर अर्धा तास तरी आडवे होऊ नये. स्लीपिंग बॅगमध्ये शिरताना घोटभर पाण्यासोबत घेतली की अन्ननलिकेत चिकटून जखम करते.

नेटवर्क नसलेल्या ठिकाणी असताना संस्थेचा ईमेल आला तर?

वैद्यकीय विभागाची विचारणा बहुतेक वेळा मुदतीसह येते: अमुक रिपोर्ट अमुक तारखेपर्यंत पाठवा. मुदत चुकली की फाइल रांगेत मागे जाते. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी संपर्क अधिकाऱ्याला दोन ओळी लिहाव्यात की या तारखेपासून या तारखेपर्यंत मी संपर्काबाहेर आहे, त्याआधी काही हवे असल्यास कळवा. कोणी नाराज होत नाही, उलट अडलेले काम कधीकधी त्याच दिवशी सुटते.

मार्ग असा आखावा की दर तीन-चार दिवसांनी फोन लागेल असे एखादे गाव लागेल. सगळी कागदपत्रे स्कॅन करून फोनमध्ये ऑफलाइन ठेवावीत: पासपोर्ट, लसीचे कार्ड, जुने शस्त्रक्रियेचे कागद, चष्म्याचा नंबर. घरच्या एका विश्वासू माणसाकडेही ती असावीत. संस्थेच्या पोर्टलवरच्या खात्याचा पासवर्ड मात्र कोणाला देऊन ठेवू नये. पोर्टलवरची वैद्यकीय उत्तरे तुमच्या सहीने जातात, ती दुसऱ्याने भरणे योग्य नाही.

पासपोर्ट व्हिसासाठी जमा असताना कुठे फिरता येते?

देशातल्या देशात. ओळखीचा दुसरा सरकारी पुरावा जवळ ठेवावा आणि पासपोर्ट जमा करण्याआधी त्याच्या सगळ्या पानांचे फोटो काढावेत. शेजारच्या देशातला ट्रेक करायचा असेल तर तो अर्जाच्या आधी करावा. त्या प्रवासाचे शिक्के पासपोर्टवर येतात, कोरी पाने कमी होतात, आणि काही देशांतून येणाऱ्यांना पिवळ्या तापाचे प्रमाणपत्र विचारले जाते, हेही लक्षात असू द्यावे. पासपोर्टची वैधता सेवाकाळ संपल्यानंतर किमान ६ महिने उरावी असा हिशेब करावा. दोन वर्षांच्या नेमणुकीला चार वर्षे शिल्लक असलेला पासपोर्ट चालतो, दोन वर्षे उरलेला चालत नाही.

कोणते बेत या काळात टाळावेत?

वटवाघळांच्या गुहा. त्यांच्या विष्ठेतली बुरशी श्वासावाटे गेली की हिस्टोप्लाझ्मोसिस होतो. तो बहुधा आपोआप बरा होतो, पण फुप्फुसात छोटा डाग ठेवून जाऊ शकतो. छातीच्या एक्स-रेमध्ये तो डाग क्षयरोगाच्या खुणेसारखा दिसला की पुढे थुंकीच्या तपासण्या, सीटी स्कॅन असे प्रकरण वाढत जाते.

पुरानंतरच्या नद्या आणि साचलेले पाणी. लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे २ ते ३० दिवसांत कधीही दिसू शकतात, म्हणजे नदीत उतरलात आज आणि ताप येतो प्रशिक्षण केंद्रात. पायाला ओरखडे असतील तर गुडघाभर पाण्यातही जाऊ नये. नंतर ताप आलाच तर डॉक्टरांना नदीचा उल्लेख करायला विसरू नये, त्यावरून निदानाची दिशा ठरते.

स्कूबा डायव्हिंगला मनाई नाही, पण विमानाशी त्याचे गणित आहे. एकदाच आणि थांबे न घेता केलेल्या डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांनंतर किमान १८ तास, आणि वर येताना थांबे घ्यावे लागणाऱ्या डाइव्हनंतर त्याहूनही बराच जास्त वेळ विमानात बसू नये. रक्तात विरघळलेला नायट्रोजन केबिनमधल्या कमी दाबात बुडबुडे होऊन बाहेर येतो.

भाड्याच्या मोटरसायकलवरून ट्रेकच्या पायथ्याला जाणे हा कोणी साहसात धरत नाही. प्रत्यक्षात बेतातला सगळ्यात धोक्याचा भाग पुष्कळदा तोच असतो. बस असेल तर बसने जावे.

उंच शिखर करायचे आहे. काही खास काळजी?

३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. डोके दुखते, भूक नाही, मळमळते, एवढे झाले तरी वर जाणे थांबवायचे. विश्रांतीतही धाप लागणे, सततचा खोकला, चालताना झोकांड्या किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचे. उंचीच्या त्रासाच्या प्रतिबंधासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड साधारण १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात, ते डॉक्टरांना विचारूनच. ही गोळी चालू केली तर वैद्यकीय फॉर्मवरच्या 'सध्या घेत असलेली औषधे' या रकान्यात तिची नोंद करावी.

दुखापत झाली तर संस्थेला सांगावे की गुपचूप बरे व्हावे?

सांगावे, आणि लगेच. फॉर्मवर सही करताना तब्येतीत बदल झाल्यास कळवण्याची हमी बहुतेक वेळा दिलेली असते. लपवलेली दुखापत तिकडे पोहोचल्यावर उघड झाली तर परत पाठवले जाण्याची वेळ येऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे, जवळचा एक्स-रे एका दिवसाच्या अंतरावर असलेल्या गावात ती पुन्हा उद्भवते.

कळवताना सोबत तीन कागद द्यावेत: पहिल्या दिवशीचे निदान, उपचाराचा तपशील, आणि बरे झाल्यावर डॉक्टरांनी लिहिलेले पत्र. त्या पत्रात 'रुग्ण ठीक आहे' एवढेच असेल तर उपयोग होत नाही. खडबडीत जमिनीवर रोज किती किलोमीटर चालू शकतो, किती वजन उचलू शकतो, पुढे फिजिओथेरपी लागणार आहे का, हे स्पष्ट लिहून घ्यावे. संस्थेला नेमके तेच हवे असते. घोट्याचा हलका मुरगळा १ ते ३ आठवड्यांत सुधारतो, गंभीर असेल तर तीन महिनेही लागतात. गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली तर पूर्ववत खेळायला साधारण नऊ महिने लागतात. तेव्हा सरळ पुढच्या तुकडीची विनंती करावी. वेळेत मागितली तर ती बऱ्याचदा मिळतेही.

विमा कोणता?

संस्थेचा विमा सहसा निघण्याच्या किंवा प्रशिक्षणाच्या दिवसापासून लागू होतो. प्रतीक्षेच्या महिन्यांत तुम्ही त्यात नसता. नोकरी सोडली असेल तर तिथला आरोग्य विमाही गेलेला असतो. हा मधला खड्डा स्वतःच्या पॉलिसीने भरावा लागतो. पॉलिसी घेताना अपवादांचे पान आधी वाचावे: दोर वापरून केलेली चढाई, ठरावीक मीटरवरची उंची आणि हेलिकॉप्टरने सुटका या तीन गोष्टी पुष्कळ पॉलिसींत वगळलेल्या असतात.

आता घेतलेले कोणते सामान पुढे दोन वर्षे उपयोगी पडेल?

बूट, हेडटॉर्च, पाण्याचा फिल्टर, पटकन वाळणारे दोन जोड कपडे, हलकी मच्छरदाणी. तंबू आणि जाड स्लीपिंग बॅग बहुतेकांना तिकडे लागत नाही. ते नेण्यापेक्षा मित्राकडे ठेवावे.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. उतारावर बोटे पुढे आपटू नयेत म्हणून पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडावी. ते या काळातच वापरून मऊ करावेत. चांगले जुने बूट कपाटात जपून ठेवले असतील तर नेण्याआधी नीट तपासावेत. तळव्यातला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो. बूट वरून नवेकोरे दिसतात आणि पाच-दहा वर्षांनी पहिल्याच चालीत सोल सोलून हातात येतो. टाचेच्या वरच्या कडेला अंगठा जोरात दाबून पाहावा. बारीक भेगा पडल्या किंवा भुगा निघाला तर तो जोड टाकून द्यावा.

पोकळ तंतूंचा फिल्टर जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतो, पण विषाणू इतके लहान असतात की त्यातून निसटतात. क्लोरीनच्या गोळ्या विषाणू मारतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीला त्या पुऱ्या पडत नाहीत. म्हणून शंकास्पद पाणी आधी गाळावे, मग गोळी टाकावी आणि वेष्टनावर लिहिलेला वेळ थांबावे, गार पाण्यात जरा जास्तच. उकळायचे तर खळखळ उकळी १ मिनिट, २,००० मीटरच्या वर ३ मिनिटे. एकदा वापरलेला फिल्टर गोठला की आतले तंतू तडकतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. थंडीच्या रात्री तो पिशवीत घालून स्लीपिंग बॅगेत घ्यावा. असा एकदा जरी गोठला असेल तर तो सोबत नेऊ नये.

विमानात पॉवर बँक केबिनच्या सामानातच न्यावी लागते, १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची साधी बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते, ती चालते. गॅसचे डबे कुठल्याच सामानात चालत नाहीत. वापरलेल्या स्टोव्हला इंधनाचा वास जरी राहिला तरी तो काढून घेतात. ट्रेकिंग पोल आणि चाकू चेक-इन बॅगेत ठेवावेत.

कोणते शिक्षण या काळात घेण्यासारखे आहे?

दुर्गम भागातले प्रथमोपचार, सगळ्यात आधी. छोटा अभ्यासक्रम साधारण १६ तासांचा, म्हणजे दोन दिवसांचा असतो, सविस्तर ७० ते ८० तासांचा. गाडी बोलावता येत नाही तिथे पुढचे सहा-आठ तास जखमी माणसाजवळ काय करायचे, हे त्यात शिकवतात आणि ते शहरी वर्गात शिकायला मिळत नाही. जमलेच तर मोठा अभ्यासक्रम करावा.

दुसरे म्हणजे भाषा. चालताना कानात रोज अर्धा तास ती भाषा असावी, आणि वाटेत दिसणाऱ्या वस्तूंची नावे त्याच भाषेत घ्यावीत. दगड, चिखल, चढ, तहान, 'वाट कुठे जाते?', 'पाणी मिळेल का?' हे शब्द पायांनी पाठ झाले की विसरत नाहीत.

एकट्याने गेले तर चालेल?

ओळखीच्या, वर्दळीच्या वाटेवर चालेल. मागे मार्ग, परतीची वेळ आणि 'अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे' हे लिहून ठेवावे. चालायला किती वेळ लागेल याचा अंदाज काढायला १८९२चा नेस्मिथचा नियम अजूनही उपयोगी आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. पाठीवर जड सॅक असेल तर त्यात निम्म्याने भर घालावी. वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर धार सोडून खाली यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबावे.

तारीख पुढे गेली, किंवा नेमणूकच रद्द झाली तर?

होते असे. मार्च २०२०मध्ये पीस कोअरने जगभरातले आपले सगळे, सुमारे ७ हजार स्वयंसेवक परत बोलावले आणि निघायच्या तयारीत असलेल्यांचेही बेत थांबले. त्यामुळे घर सोडणे, सामान विकणे यांसारखी मागे न घेता येणारी पावले व्हिसा हातात आल्यावरच उचलावीत. तीन महिन्यांचा खर्च भटकंतीच्या पैशांतून वेगळा काढून ठेवावा, त्याला हात लावू नये.

तारीख ढकलली की आधी मुदतींचा तक्ता पुन्हा लिहावा. चारित्र्य प्रमाणपत्र, वैद्यकीय रिपोर्ट आणि क्षयरोग चाचणी यांची वैधता नव्या तारखेला पुरते का ते पाहावे. मग भटकंतीचाही तक्ता हलवावा, म्हणजे शेवटचे सहा आठवडे नव्याने मोजावेत. मन खट्टू होणे साहजिक आहे. अनिश्चिततेत रात्ररात्र झोप येत नसेल तर समुपदेशकाशी बोलावे. मंजुरी जाईल या भीतीने मदत टाळू नये. वेळेवर घेतलेली मदत फॉर्मवर समजावून सांगता येते.

सामान भरण्याआधी शेवटचे काम कोणते?

डोंगरातली माती डोंगरातच ठेवणे. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियासारखे देश वापरलेले बूट, तंबू आणि त्यांचे खुंटे विमानतळावर तपासतात, कारण मातीतून बिया, किडे आणि झाडांचे रोग पसरतात. इतर देशांतही शेतीच्या कामावर जाणाऱ्याने हे पाळलेच पाहिजे. बुटातली नाडी आणि आतले सुटे तळवे (इनसोल) पूर्ण काढावेत. सोलच्या खाचांतली माती बोथट काडीने उकरावी, मग ताठ ब्रशने कोमट पाण्यात घासावे. जिभेच्या दुमडीत आणि वेल्क्रोत गवताची कुसळे अडकलेली असतात, ती चिमट्याने एकेक काढावीत. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावेत, कागद ओला झाला की बदलावा. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवले तर सोलचा गोंद सुटतो. पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा शेवटची टेकडी निघण्याच्या किमान चार दिवस आधी उतरलेली असावी.